माळ्यावरचा बँड खाली उतरवताना

गेल्या तीस-चाळीस वर्षांत गिरगाव, दादर, परळ, लालबागमधली कितीतरी बिऱ्हाडं उठली आणि मध्य रेल्वेने पुढे पुढे सरकत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला आली. टेम्पोतून कपाट आलं, देव्हारा आला, पितळेची भांडी आली. आणि एक खोकं आलं, जे नव्या घरी आल्यावर कोणी उघडलंच नाही. ते थेट माळ्यावर गेलं. ते खोकं उघडून त्यातला विसरलेला बँड पुन्हा ऐकता येईल असा खाली कसा आणायचा, त्याची ही कृती.

आधी काय शोधायचं ते ठरवा. मी शोधतो ते साठ आणि सत्तरच्या दशकातले मुंबईचे गिटारवाले बँड, म्हणजे बीट बँड. जोरकस गिटार, सरळ ठेका, दोघा-तिघांनी मिळून म्हटलेलं धृपद आणि दुसऱ्यांदा ऐकताच तोंडात बसणारी चाल. या जातीच्या संगीताला इंग्लंडच्या पीट टाउनशेंडने 1967 साली ‘पॉवर पॉप’ म्हटलं. अमेरिकेत मेम्फिस शहरातल्या बिग स्टार या बँडची 1972 ची पहिली तबकडी दुकानांपर्यंत नीट पोचलीच नाही, आणि पुढच्या पिढीने ती शोधून डोक्यावर घेतली. आपल्याकडेही तसे बँड होते. इम्पीरियल टोबॅको कंपनीने सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरवली, मुंबईत षण्मुखानंद सभागृहात ती गाजली, आणि 1970 व 1971 अशा दोन एलपी निघाल्या. त्यात शिलाँगचे फेंटोन्स आहेत, कन्फ्युजन्स आहेत, डायनोसॉर्स आहेत. मुंबईत सॅव्हेजेस होते, ज्यांच्यासोबत जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला आलेला रेमो फर्नांडिस वाजवत असे. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन 77’ निघाली. आणि मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम भेंडे व आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे व्हेलव्हेट फॉग आणि सॅव्हेज एन्काउंटरमध्ये गात होता. अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास त्यानेच केला. मराठी घरातला मुलगा इंग्रजी रॉक गातो आहे, ही गोष्ट आमच्या नाटकवेड्या आईवडिलांना ठाऊक होती. आमच्या मुलांना ठाऊक नाही.

यातल्या काही तबकड्या परदेशी लोकांनी आपल्याआधी शोधल्या. सिमला बीटच्या दोन्ही एलपी युरोपात पुन्हा निघाल्या, अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं संगीत अमेरिकेतल्या नाऊ-अगेन कंपनीने 2011 मध्ये काढलं. मला त्याचा आनंद आहे आणि टोचणीही आहे. हे सगळं आपल्या माळ्यावर पडलेलं होतं.

वही

पहिलं साहित्य म्हणजे दोनशे पानी वही. डाव्या पानावर वस्तू, उजव्या पानावर माणूस. डावीकडे: तबकडी की कॅसेट, कंपनी, क्रमांक, बँडचं नाव लेबलवर जसं छापलंय तसंच, चुकीसकट. उजवीकडे: कोणाच्या घरून आली, त्यांनी ती कुठून घेतली, त्यांना कोण आठवतं. उजवं पान कोरं ठेवून पुढे जायचं नाही. हा नियम मी माझ्या चुकीतून शिकलो. ती चूक शेवटी सांगतो.

घरं शोधणं

चोरबाजारात मटण स्ट्रीटला जाऊन तबकड्या उचलणं सोपं आहे. तिथे तबकडी मिळते, पण ती कुणाची होती ते कळत नाही. म्हणून मी शोध आमच्याच तीन गावांत, अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापुरात, ठेवतो.

अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतून निवृत्त झालेली माणसं पहिली गाठा. तिथे देशभरातून लोक नोकरीला आले, पगार नियमित होता, आणि हातात कसब असल्यामुळे घरातला रेकॉर्ड प्लेअर बंद पडला तर टाकून देण्याऐवजी दुरुस्त व्हायचा. विम्कोच्या काडेपेटी कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या घरीही विचारा. बदलापुरात सोसायटीच्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर, सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर विचारा. “तुमच्याकडे जुन्या रेकॉर्ड आहेत का?” असं विचारलं की उत्तर हमखास “नाहीत” येतं, कारण लोकांच्या डोक्यात रेकॉर्ड म्हणजे भीमसेन, लता, ‘गीतरामायण’. त्यापेक्षा असं विचारावं: “काका, कॉलेजात असताना तुमच्यात गिटार कोण वाजवायचं?” मग चेहरा बदलतो. पुढचा प्रश्न: “आकाशवाणीवर ‘सॅटरडे डेट’ ऐकायचात?” आणि तिसरा: “घरात ‘जेएस’ यायचा का?” ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे तरुणांचं साप्ताहिक कलकत्त्याहून 1967 ते 1977 असं दहा वर्षं निघालं, डेस्मंड डॉइग त्याचे संपादक होते. ज्या घरात जेएसची कात्रणं आहेत त्या घरात तबकडी असण्याची शक्यता फार. कात्रणं मिळाली तर तीही मागा. त्यात बँडचे फोटो असतात आणि फोटोखाली नावं असतात.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथे घरात जाताना वडीलधाऱ्यांना ‘साईं’ किंवा ‘दादा’ म्हणा, आजीला ‘अम्मा’, हिंदीत बोला आणि चहा नाकारू नका. बीट बँड शोधायला गेलात तरी समोर मास्टर चंदर आणि भगवंती नावाणी यांच्या सिंधी तबकड्या येतील. “हे नको” म्हणून बाजूला सारू नका. त्यांचीही वहीत तितकीच नीट नोंद करा. आपल्या गावात राहून आपण त्या आवाजांची नावं ऐकलेली नसतात, याचं मला वाईट वाटतं. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, ज्या घरातल्या सिंधी तबकड्या तुम्ही आदराने हाताळता, त्याच घरातला मोठा मुलगा पुढच्या वेळी पलंगाखालून इंग्रजी ईपींचा गठ्ठा काढतो.

खोकं तिथेच, त्या माणसासमोर उघडा. घरी घेऊन जाऊन उघडलंत तर अर्धी माहिती गेली. माणूस तबकडी हातात घेतो, तिचं पाकीट उलटतो, आणि तेव्हाच त्याला आठवतं की ही अमक्याच्या लग्नात मिळाली होती.

लेबल वाचणं

मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी लाखेची, जड आणि ठिसूळ. ईपी सात इंची, 45 फेऱ्यांची. एलपी बारा इंची, 33⅓ फेऱ्यांची. बीट बँड बहुतेक ईपी आणि एलपीवर सापडतात. लेबल आणि शेवटचं गाणं यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला आकडा भिंगातून वाचून उतरवा. पाकीट बदललेलं असू शकतं, लेबल फाटलेलं असू शकतं, तो कोरलेला आकडा मात्र तबकडीसोबतच जन्मलेला असतो.

नावांनी फसू नका. व्हेलव्हेट फॉगशी जवळजवळ जुळणाऱ्या नावाचा एक इंग्लिश बँड बर्मिंगहॅममध्येही होता आणि त्याची एलपी 1969 मध्ये निघाली. नुसतं नाव वाचून नंदू भेंड्यांचा आवाज सापडला म्हणून उड्या मारू नयेत. कंपनी, देश, क्रमांक आणि मग नाव, या क्रमाने खात्री करा.

धुणं

इथे घाई केली की नुकसान कायमचं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमच्या भागाचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरांत शिरली. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. नदीकाठच्या घरांतल्या तबकड्यांच्या खोबणीत तो गाळ अजून आहे. पुरात न भिजलेल्या तबकड्यांनाही चार महिन्यांच्या दमटपणात बुरशी येते. बुरशी दिसली तर खोकं गॅलरीत उघडा, नाकाला मास्क लावा, आणि कोरड्या मऊ ब्रशने आधी ती झटका. ओली केलीत तर ती खोबणीत आणखी आत जाऊन बसते.

मग पाणी. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर खोबणीत राहतात आणि सुईखाली खरखरतात. औषधाच्या दुकानात किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणा. एक लिटरला भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब, बस्स. पाणी थंड किंवा जेमतेम कोमट, कारण गरम पाण्याने व्हिनाइल वाकतं. लेबलवर प्लॅस्टिकचा गोल डबा किंवा झाकण दाबून धरा म्हणजे ते भिजत नाही. मऊ, सुती नसलेलं, धागे न सुटणारं कापड किंवा रंगाचा मऊ रुंद ब्रश घ्या आणि खोबणीच्या दिशेने, गोल, हलक्या हाताने फिरवा. आडवं पुसायचं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. भांड्यांच्या जाळीत उभी ठेवून सावलीत वाळवा. पंख्याखालीही नको, धूळ बसते. उन्हात तर मुळीच नको.

लाखेच्या 78 च्या तबकडीला स्पिरिट किंवा कुठलंही अल्कोहोल लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. अजाणतेपणी असं करून काळी पडलेली कापडं मी पाहिली आहेत. त्या काळेपणात गाणं असतं.

जुनी कागदी पाकिटं फेकू नका. तबकडी नव्या पातळ पाकिटात घाला आणि जुनं पाकीट बाहेरून तिच्यासोबतच ठेवा. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं नाव, दुकानाचा शिक्का, तारीख असते. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

वाजवणं आणि उतरवणं

माळ्यावरच्या खोक्यासोबत बऱ्याचदा जुना प्लेअरही येतो, एचएमव्हीचा फिएस्टा किंवा तसलाच कुठला. तो दुरुस्त करून घ्या, घरातल्यांना ऐकवा, पण दुर्मिळ तबकडी त्यावर लावू नका. त्याची सुई जड बसते आणि चाळीस वर्षं झिजलेली असते. एकाच वेळच्या वाजवण्याने खोबण खरवडली जाते. तबकडीसाठी आजचा टर्नटेबल वापरा, वजन सुईच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रॅममध्येच लावा. 78 ची खोबण रुंद असते, तिला वेगळी जाड सुई लागते.

टर्नटेबलच्या फोनो आउटपुटला फोनो प्रीअँप लागतो, काहींत तो आतच असतो. तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि मग लॅपटॉप. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरे, ती फुकट आहे. तबकडीसाठी 24 बिट, 96 किलोहर्ट्झ ठेवा. तासाला साधारण 2 जीबी लागतात. कॅसेटला 24 बिट, 48 किलोहर्ट्झ चालतं, तासाला 1 जीबी. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाजही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये. एक पूर्ण बाजू एका दमात उतरवा, सुई पडल्यापासून उचलेपर्यंत.

मूळ उतरवलेल्या फाइलला हात लावायचा नाही. खरखर काढायची असेल तर तिची दुसरी प्रत करून त्यावर काढा, आणि तेही थोडंच. मोबाइलवर छान वाटावं म्हणून लोक खरखर इतकी पुसतात की झांजेची किणकिण आणि गायकाचा श्वासही पुसला जातो. मला थोडी खरखर चालते. फाइलचं नाव क्रमांकाने सुरू करा, बँडच्या नावाने नाही, म्हणजे वहीशी जुळतं. लेबलाच्या दोन्ही बाजू आणि पाकीट 600 डीपीआयवर स्कॅन करा. तीन प्रती: एक घरी, एक दुसऱ्या हार्ड डिस्कवर, एक ज्यांची तबकडी त्यांच्याकडे.

कॅसेट

खरा खजिना इथे आहे. तबकडी काढायला कंपनी लागायची. कॅसेटला एक टू-इन-वन आणि मेलट्रॅकची कोरी कॅसेट पुरायची, म्हणून गल्लीतल्या, कॉलेजच्या, कारखान्याच्या वसाहतीतल्या बँडचा आवाज राहिला असेल तर तो कॅसेटवरच. रेमो फर्नांडिसने 1984 मध्ये ‘गोवन क्रेझी’ गोव्यात शिवोलीच्या स्वतःच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केली आणि पिवळ्या स्कूटरवरून कॅसेट दुकानादुकानांत नेऊन दिल्या. त्याचं नाव झालं. ज्यांचं झालं नाही, त्यांच्या कॅसेट आपल्या शेजाऱ्यांच्या कपाटात आहेत.

कॅसेट हातात आली की पहिलं काम, मालकाला विचारून, मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडा. त्या असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं तीन सेकंदांत जातं. मग फीत बघा. सुईच्या जागी असणाऱ्या हेडसमोर फितीमागे फेल्टचा बारीक तुकडा असतो, तो पडला असेल तर आवाज दबका येतो. भंगारातल्या एखाद्या भजनाच्या कॅसेटमधून तो काढून इथे बसवता येतो. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडणं सोपं. चिकटवलेलं असेल तर कडेने सावकाश फोडून फीत नव्या कवचात घालावी लागते. तुटलेली फीत जोडायला सेलोटेप वापरू नका, त्याचा गोंद सरकतो आणि पुढच्या वेटोळ्याला चिकटतो. फितीची खास जोडपट्टी घ्या.

वाजवण्याआधी पेन्सिलीने किंवा यंत्रात सावकाश ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेली फीत सैल होते. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल लावलेल्या कानकाडीने पुसा, रबरी रोलर मात्र ओल्या फडक्याने. आवाज धूसर असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून बघा. ज्या यंत्रावर ती रेकॉर्ड झाली त्याचं हेड तिरकं असेल तर आपलंही तेवढंच तिरकं करावं लागतं. मग झांजा अचानक उघड्या होतात. त्या क्षणासाठी मी रविवार घालवतो.

यंत्राचा पट्टा सैल झाला असेल, मोटर अडखळत असेल, तर उल्हासनगरच्या बाजारात जा. नवा पट्टा मापात कापून देणारे, बंद यंत्राची मोटर काढून चालू यंत्रात बसवणारे कारागीर तिथे अजून आहेत. काय वाजवायचं आहे ते त्यांना सांगा. वस्तूमागचं कारण कळलं की ते हात आणखी काळजीने चालतात, असा माझा अनुभव आहे.

कायदा

ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट आपल्याकडे प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं राहतो. म्हणजे 1970 ची सिमला बीट 2030 च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे, 1971 ची त्यापुढे एक वर्ष. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते निर्मात्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं. घरच्या कॅसेटवरचं गाणं कधी प्रसिद्धच झालेलं नसतं, तिथे तर गाणाऱ्यांची परवानगीच घ्यावी. स्वतःच्या अभ्यासासाठी उतरवा, पण परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकू नका. नोंदी कशा ठेवायच्या हे शिकायचं असेल तर 1990 पासून मुंबईत काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम बघा. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्यांभोवतीची माणसं, कंपन्या, तारखा जपण्याची जी शिस्त घालून दिली, ती मी आदर्श मानतो.

ऐकवणं

उतरवलेलं गाणं घेऊन त्या घरी परत जा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, छोटा बरा स्पीकर घेऊन जा. ऐकताना माणूस बोलतो, तेव्हा मोबाइलवर त्याचं बोलणं, विचारून, रेकॉर्ड करा. मध्ये बोलू नका. “ड्रमवर कोण?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. तो सांगेल की ड्रम भाड्याचे होते, अँप्लिफायर रेडिओवाल्याने बनवून दिला होता, गिटारवाला नंतर बँकेत लागला. ते सगळं उजव्या पानावर.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका काकांनी मला एक साठ मिनिटांची कॅसेट दिली. त्यांच्या तरुणपणीचा, कारखान्यातल्या मित्रांचा बँड. एका बाजूला बीटल्सच्या वळणाची सहा गाणी, त्यातली दोन त्यांची स्वतःची. मला यंत्र सेट करायचं होतं, हेड जुळवायचं होतं, त्यामुळे “नावं नंतर निवांत लिहून घेतो” म्हणालो. गाणी सुंदर उतरली. दुसऱ्या गाण्याचं धृपद दोन आवाजांत आहे आणि वरचा आवाज शेवटी मुद्दाम थोडा मागे राहतो, तसं कोणी शिकवून येत नाही. मी निवांत वेळ काढेपर्यंत काका गेले. त्यांच्या मुलांना बँड होता एवढंच माहीत होतं.

तेव्हापासून मी अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापुरात जिथे जिथे खोकं उघडायला जातो, तिथे निघताना त्या गाण्याची तीस सेकंदं ऐकवतो. बहुतेक जण मान हलवतात. मागच्या पावसाळ्यात अंबरनाथ पूर्वेच्या एका आजींनी ती दोनदा ऐकली आणि वरच्या आवाजाकडे बोट केल्यासारखं करून म्हणाल्या, “हा आमच्या चाळीत यायचा, पेटी दुरुस्त करायला.” नाव आठवलं नाही, टोपणनाव आठवलं. वहीत त्या कॅसेटच्या ओळीसमोर ते पेन्सिलीने लिहिलं आहे, आणि बाजूला चाळीचा नंबर.